नागपुरात बसून समुद्राच्या विजेची बाजू का घेतो

कामठीवाला
आमच्याकडे गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीवरून सकाळी बोट फिरवलं की करडी रेघ उठते. कोळसा विदर्भाचा, राख विदर्भात, वीज राज्यभर. किनाऱ्यावरच्यांनी दारातल्या समुद्रातून वीज काढायलाच हवी. देशात भरती-ओहोटीतून सुमारे 12,455 आणि लाटांतून सुमारे 41,300 मेगावॅट इतकी सैद्धांतिक क्षमता मोजलेली आहे. 2019 मध्ये केंद्राने सागरी ऊर्जेला नवीकरणीय म्हणून मान्यताही दिली. तरी बाजारात वीज विकणारा एक प्रकल्प उभा नाही. याची चीड येते.

निवृत्त अभियंता
भाऊ, राखेचं दुखणं खरं, औषध चुकीचं. सुंदरबनात दुर्गादुआनी खाडीवर 3.75 मेगावॅटचा प्रकल्प ठरला होता. खर्च मेगावॅटमागे 60 कोटींच्या वर गेला आणि तो गुंडाळला. कच्छच्या आखातातला 50 मेगावॅटचाही खर्चापायीच बारगळला. सौरचा मेगावॅट 4-5 कोटींत उभा राहतो. आणि देखभाल? आमच्या औष्णिक केंद्रात कंडेन्सरच्या, म्हणजे वाफ थंड करून पुन्हा पाणी करणाऱ्या यंत्राच्या, नळ्यांत धरणाच्या गोड्या पाण्याचाच थर बसायचा. सळईला ब्रश लावून नळी न नळी घासावी लागे. तिथे तर खारं पाणी, वर शंख-शिंपल्यांचा थर. गरीब देशाने हा प्रयोग ग्राहकाच्या बिलातून करू नये.

माहेर डहाणू, सासर धरमपेठ
खर्चाआधी खाडीचं बोला. भरती-ओहोटीचं पाणी अडवायला तोंडाशी भिंत घातली की गाळ साचतो, मासळीची ये-जा तुटते. तुमच्या चादरीवरची राख पुसायला माझ्या भावाचं जाळं रिकामं ठेवणार का?

कामठीवाला
ताई, हा मुद्दा मला सुचला नव्हता. मान्य. नवी भिंत नको, असलेलीच वापरू. दक्षिण कोरियात सिहवा इथे समुद्राला बांध आधीच होता, आतलं पाणी सडत होतं. त्याच बांधात टर्बाइन बसवून 2011 मध्ये 254 मेगावॅटचं केंद्र झालं आणि पाणीही खेळतं झालं. स्पेनमध्ये मुत्रिकूला बंदराच्या लाटरोधक भिंतीतच हवेच्या पोकळ्या ठेवल्या आहेत. लाट आत चढली की हवा दाबली जाते, टर्बाइन फिरतं. हेच तंत्र आपण केरळात विळिंजमला 1991 मध्येच चालवून पाहिलं होतं, 150 किलोवॅटचं. पुढे पाठपुरावा झाला नाही, घोडं तिथे अडलं.

निवृत्त अभियंता
मुत्रिकू 296 किलोवॅटचं आहे. कोळशावरच्या 210 मेगावॅटच्या एका जुन्या संचाच्या जागी तशी 700 लागतील. संशोधनाच्या पैशातून एखादं करा, हरकत नाही. पण त्याने इथल्या कोराडी वीज केंद्राचा कोळसा कमी होईल असं कुणाला सांगू नका.

माहेर डहाणू, सासर धरमपेठ
आमच्या डहाणूजवळच्या नियोजित वाढवण बंदराला सुमारे 10 किलोमीटरची लाटरोधक भिंत होणार आहे. गावाचा विरोध आहे, माझाही आहे. पण कोळीवाड्यांजवळ जुने बंधारे आहेत. त्यातून बर्फाच्या कारखान्याला वीज मिळणार असेल, तर घरी मी स्वतः बोलेन.