ध्वनिफितींच्या संग्रहासाठी आवाज न करणारा, पुढे वाढवता येणारा लिनक्स फाइल सर्व्हर: सुटे भाग कोणते घ्यावेत?

प्रश्न: ध्वनिसंग्राहक, नागपूर

सर्वांना नमस्कार. माझ्या वडिलांनी अनेक वर्षे विदर्भातल्या गावोगावी जाऊन कीर्तनांचे आणि भजनांचे ध्वनिमुद्रण केले. त्यांच्या सुमारे ७०० कॅसेट आणि १२० मिनी-डीव्ही टेप मी सध्या संगणकावर उतरवून घेत आहे. ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर घेतलेल्या एका तासाच्या स्टीरिओ ध्वनीला साधारण २ जीबी जागा लागते आणि मिनी-डीव्हीला तासाला १३ जीबी. म्हणजे आजच ४ टीबीच्या आसपास जागा हवी, आणि नातेवाईकांकडच्या फिती येऊ लागल्या की ती दुप्पट होईल.

आतापर्यंत सगळे दोन यूएसबी डिस्कवर ठेवत होतो. गेल्या महिन्यात कॉपी चालू असतानाच वीज गेली आणि एका डिस्कवरचे फोल्डर उघडेनासे झाले. दुसरीवर प्रत होती म्हणून निभावले. आता डेबियन या लिनक्स प्रणालीवर चालणारा कायमचा सर्व्हर उभा करायचा आहे. अडचण अशी की तो ज्या खोलीत मी फिती ऐकतो त्याच खोलीत ठेवावा लागेल, आणि मे महिन्यात त्या खोलीचे तापमान दुपारी ४० अंशांपर्यंत जाते. एका दुकानदाराने वापरलेला एक-यू रॅक सर्व्हर (रॅकमध्ये आडवा बसणारा चपटा सर्व्हर) स्वस्तात देऊ केला आहे. डिस्क सोडून ३५ हजार रुपये खर्च करण्याची तयारी आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: जुना प्रशासक, पुणे

तो रॅक सर्व्हर घेऊ नका. एक-यू पेटीची उंचीच पावणेदोन इंच असल्यामुळे तिच्यात ४० मिमीचे पंखे बसतात आणि तेवढ्याशा पंख्यांनी पुरेशी हवा खेळवायची तर ते मिनिटाला दहा हजारांच्या पुढे फिरावे लागतात. तो आवाज बंद दाराआडूनही ऐकू येतो. तुमच्या कामासाठी तो कितीही स्वस्त मिळाला तरी निरुपयोगी आहे.

बहुतेक जण प्रोसेसरपासून सुरुवात करतात आणि तिथेच चुकतात. फाइली देण्याघेण्याचे काम कोणताही आजचा साधा प्रोसेसर सहज करतो, कारण एक गिगाबिट नेटवर्कवरून सेकंदाला ११० एमबीच्या आसपासच माहिती जाते आणि एकटी डिस्कही तेवढी देऊ शकते. आधी पेटी ठरवा, मग साटा पोर्टची (डिस्क जोडण्याच्या जागांची) संख्या, मग पॉवर सप्लाय. साडेतीन इंची डिस्कसाठी सहा ते आठ जागा असलेली, पुढे १४० मिमीचे दोन पंखे बसणारी मायक्रो-एटीएक्स (मध्यम आकाराच्या मदरबोर्डची) पेटी शोधा.

इंटेल एन १०० असलेले छोटे मदरबोर्ड सध्या फार लोकप्रिय आहेत आणि त्याचे कारणही योग्य आहे: अवघे ६ वॉट टीडीपी (प्रोसेसरच्या उष्णतेचे माप) आणि अनेकदा पंख्याशिवाय चालणारी रचना. परंतु त्या प्रोसेसरला एकूण नऊच पीसीआय एक्सप्रेस लेन (कार्डे आणि डिस्क जोडणाऱ्या माहितीच्या वाटा) आहेत, आणि अशा बऱ्याच बोर्डांवर साटाची एक-दोनच पोर्ट मिळतात. तुम्हाला वाढवत जायचे आहे, म्हणून मी आय-थ्री १२१०० आणि चार साटा पोर्टचा साधा मायक्रो-एटीएक्स बोर्ड सुचवतो. त्यावरचा मोठा स्लॉट रिकामा राहतो, त्यात पुढे एएसएम ११६६ चिपचे सहा पोर्टचे कार्ड घालता येते. सर्व्हरमधून निघालेली, डिस्क जोडण्याची जुनी एसएएस कार्डे भक्कम असली, तरी ती रॅकमधल्या जोरदार वाऱ्यासाठी बनवलेली असतात. शांत पेटीत त्यांच्या चिपवर बोट ठेववत नाही.

कार्यालयांतून निघालेले जुने ब्रँडेड डेस्कटॉप घ्यायचा मोह होईल. त्यांत डिस्कसाठी एक-दोनच जागा असतात आणि पॉवर सप्लायची जोडणी अनेकदा त्या कंपनीपुरतीच असते, म्हणून तोही मार्ग सोडा.

उत्तर: तंबोरा, मिरज

मी स्वतः ध्वनिमुद्रण करतो, म्हणून आवाजाविषयीच लिहितो. पंख्यांचा आवाज सर्वांना कळतो, पण रात्री छळतो तो डिस्कचा. ५४०० आरपीएमची डिस्क सेकंदाला ९० वेळा फिरते आणि ७२०० ची १२०, म्हणजे तेवढ्या हर्ट्झचा एक खर्ज सतत लागलेला असतो. डिस्क स्वतः तो फार मोठ्याने काढत नाही; पेटीचा पत्रा आणि खालचे कपाट त्याला तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखे घुमवतात. दोन डिस्कच्या वेगात किंचित फरक असला की तो आवाज मंदपणे लहान-मोठा होत राहतो, आणि जुन्या फितीतला वीणेचा झंकार ऐकताना नेमका तोच आड येतो.

माझा सर्व्हर आधी लाकडी शोकेसवर होता. चालू असताना शोकेसच्या दारावर तळहात ठेवला तर थरथर स्पष्ट जाणवत असे. मी तो खाली फरशीवर जाड रबराच्या तुकड्यांवर ठेवला आणि प्रत्येक डिस्कच्या स्क्रूखाली रबरी वॉशर घातले. एकही नवा भाग न घेता अर्ध्याहून अधिक घरघर गेली. म्हणून पेटी घेताना आतल्या डिस्कच्या ट्रेला रबर आहे की नाही, हे दुकानात ट्रे बाहेर काढून पाहावे.

उत्तर: कौलारू, रत्नागिरी

डिस्क सीएमआर पद्धतीचीच (माहितीचे पट्टे एकमेकांवर न चढवणारी) घ्यावी, अशी कळकळीची विनंती. एसएमआर डिस्कमध्ये माहितीचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात; मधले एक कौल बदलायचे तर शेजारची उचलावी लागतात, तसेच तिथे मधली माहिती बदलताना शेजारचे पट्टेही पुन्हा लिहावे लागतात. नेहमीच्या वापरात हे जाणवत नाही, पण बिघडलेली डिस्क बदलून रेड (अनेक डिस्क एकत्र वापरण्याची रचना) पुन्हा भरताना काम कित्येक पटींनी लांबू शकते. सीएमआर असली तरी ८ टीबीची डिस्क सेकंदाला सरासरी १५० एमबीने भरायला सुमारे १५ तास लागतात, हे लक्षात घ्या.

वाढवण्याची सोय फाइलसिस्टिमवरही, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीवरही, अवलंबून आहे. बीटीआरएफएस या फाइलसिस्टिमच्या रेड १ मध्ये (माहितीच्या दोन प्रती दोन डिस्कवर) वेगवेगळ्या आकाराच्या डिस्क चालतात: ४, ४ आणि ८ टीबी अशा तीन डिस्क घातल्या तर वापरायला ८ टीबी मिळते. मात्र त्याचे रेड ५ आणि ६ वापरू नका. झेडएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिममध्ये पूर्वी रेडझेड नावाच्या डिस्क-गटात एक-एक डिस्क वाढवता येत नसे. जानेवारी २०२५ मधल्या ओपनझेडएफएस २.३ पासून ती सोय आली. तुमच्यासाठी ८ टीबीच्या दोन डिस्कची आरसा-जोडी आणि जागा संपली की दुसरी जोडी, हा मला सर्वांत सरळ मार्ग वाटतो. त्या यूएसबी डिस्क फेकू नका. त्यांवर मूळ फितींची प्रत ठेवून ती दुसऱ्या घरी ठेवा, कारण चुकून पुसलेली फाइल आरशातही त्याच क्षणी पुसली जाते.

ध्वनिसंग्राहक, नागपूर

सर्वांचे मनापासून आभार. रॅक सर्व्हरला नकार कळवला. दोन शंका उरल्या आहेत. मंद पंखे ठेवले तर मे महिन्यात डिस्क तापणार नाहीत का? आणि घरात इन्व्हर्टर असताना वेगळा यूपीएस लागेल का?

उत्तर: जुना प्रशासक, पुणे

लिनक्स ५.६ पासून कर्नेलमध्ये ड्राइव्हटेम्प नावाचे मॉड्यूल आहे. ते डिस्कचे तापमान सेन्सर म्हणून दाखवते, त्यामुळे फॅनकंट्रोल या पंख्यांचा वेग ठरवणाऱ्या प्रोग्रामला पुढचे पंखे प्रोसेसरच्या नव्हे तर डिस्कच्या तापमानावर चालवायला सांगता येतात. हिवाळ्यात ते जवळजवळ ऐकू येणार नाहीत आणि डिस्क ४५ अंशांकडे गेली की वेग वाढेल. काही डिस्क असे तापमान वाचले की झोपेचा काळ पुन्हा पहिल्यापासून मोजतात, तेव्हा डिस्क झोपतच नसतील तर आधी हे तपासा. पाण्याच्या कूलरचा झोत थेट पेटीवर घेऊ नका. दमट हवेत धूळ चिकटून जाळ्या बुजतात.

इन्व्हर्टरवर यूपीएस मोड असेल तर तो चालू करा, कारण साध्या मोडमध्ये वीज बदलायला लागणारा वेळ संगणकाला सोसत नाही. तरीही यूएसबी जोडणीचा छोटा यूपीएस घ्याच. नट हे सॉफ्टवेअर त्याच्याशी बोलून बॅटरी संपत आली की सर्व्हर रीतसर बंद करते, आणि गेल्या महिन्यात तुमच्याकडे नेमके तेच झाले नाही. पॉवर सप्लाय ४५० वॉटचा, चांगल्या प्रतीचा पुरे. सुरू होताना प्रत्येक डिस्क काही सेकंद २५ वॉटपर्यंत ओढते, म्हणजे सहा डिस्कचे १५० वॉट. साटाच्या तारा पॉवर सप्लायच्याच वापरा. मोलेक्स या जुन्या वीजजोडणीवरून साटा करणारे ओतीव प्लास्टिकचे जोड आतून शॉर्ट होऊन पेटल्याची उदाहरणे आहेत.

ध्वनिसंग्राहक, नागपूर

पेटी, आय-थ्री आणि ८ टीबीच्या दोन सीएमआर डिस्क असे ठरवले आहे. उद्या दुकानात ट्रे बाहेर काढून रबर पाहीन. जोडणी झाल्यावर, रात्री खोलीत माइक ठेवून सर्व्हर बंद असतानाची आणि चालू असतानाची शांतता ध्वनिमुद्रित करून इथे देतो.