मॉडेल रेल्वेच्या डब्यात एवढा उजेड कशाला?

दारव्हेकर: शकुंतलेचं, म्हणजे आपल्या यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर छोट्या गाडीचं मॉडेल बनवतोय, १:८७ मापात. खऱ्या लाइनच्या दोन रुळांत अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणून मॉडेलला ९ मिलिमीटर अंतराचे रूळ चालून जातात. डब्यात रुळातून वीज घेणारे १२ व्होल्टचे तारेचे दिवे टाकले तर गाडी लग्नाच्या मांडवासारखी दिसते! ज्यांनी संध्याकाळची मूर्तिजापूर गाडी पकडली आहे त्यांना विचारा, समोरच्याचं तोंड ओळखू आलं तरी खूप होतं. रेझिस्टर, म्हणजे वीज अडवणारा छोटा भाग, टाकून उजेड कमी करतो.

कपाशीवाला: काऊन कमी करता भाऊ? गावात रात्री लाइन जाते ते जाते, टेबलावर तरी उजेड राहू द्या. पोरं दिवेच पाहाले येतात.

दारव्हेकर: पोरांसाठीच दोन तास चालवली. दिव्याच्या बरोबर वर छताचं प्लास्टिक पापडासारखं फुगलं. ६० मिलिअँपिअरचे चार दिवे म्हणजे बंद डब्यात जवळजवळ ३ वॅट.

परतवाडा_तात्या: रेझिस्टर ठेवा बाजूला. दोन-दोन दिवे सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडा. प्रत्येकाला ६ व्होल्ट, उजेड दहाव्या हिश्शावर, अन् दिवे वर्षानुवर्षं जात नाहीत. रंगही आपोआप तांबूस येतो, त्यासाठी एलईडीवाल्यांना जिलेटिन चिकटवत बसावं लागते.

कारंजेकर: तात्या, एक दिवा गेला की जोडीदारही गेला, मग छत उचकटून शोधत बसा. त्यापेक्षा १एन४००७ डायोड, म्हणजे एकाच दिशेनं वीज जाऊ देणारा भाग. एक साधारण ०.७ व्होल्ट खातो. ओळीने तीन लावले की उजेड निम्म्यावर. गाडी उलटी चालवली की रुळातले प्लस-मायनस पालटतात, म्हणून प्रत्येकाला एक उलटा डायोड समांतर जोडायचा. हे विसरून मी एकदा अख्खी संध्याकाळ दिव्यालाच शिव्या दिल्या.

कपाशीवाला: मंग तर माह्यंच खरं. साध्या कंट्रोलरवर गाडी हळू केली की रुळात ५ व्होल्ट उरतात. तात्याच्या जोडीले अडीच-अडीच. गाडी फलाटात शिरते तेव्हाच पाहाची मजा, अन् नेमका तेव्हाच डबा काळाकुट्ट!

परतवाडा_तात्या: बरोबर आहे बे. पण डबे कोणत्या सालचे? १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं, मग डिझेल आलं.

दारव्हेकर: वाफेचंच. कपाशीवाल्याचा मुद्दा माझ्या ध्यानातच नव्हता आला. तरी झगमगाट नकोच. एका डब्यात डायोड अन् दुसऱ्यात सिरीज लावून, हळू चालवून पाहतो. आधी छत सरळ करावं लागेल.

कपाशीवाला: तिसरा डबा जसाच्या तसा ठेवजा. पोरं कोणत्या डब्यापाशी उभे राह्यतात ते सांगजा.