मदत हवी आहे: रिसेलर होस्टिंगसाठी भरवशाचा नवा प्रोव्हायडर सुचवा

नमस्कार मंडळी,

सांगलीत वेबसाइट करून देण्याचं माझं छोटं काम आहे. शाळा, दवाखाने, एक पतसंस्था, मालवणकडचे होमस्टे, देवगडचे एक आंबेवाले अशी गिऱ्हाइकं. सगळ्या मिळून चाळीसेक साइट्स, बहुतेक वर्डप्रेसवर, आणि सगळ्या एकाच रिसेलर अकाउंटवर (कंपनीकडून घाऊक जागा घेऊन मी ती गिऱ्हाइकांना वाटून देतो). होस्टिंग कंपनी कोण, हे गिऱ्हाइकाला माहीतच नसतं. साइट बंद पडली की फोन मला, मेल गेला नाही की फोन मला.

सध्याच्या कंपनीचं नाव लिहीत नाही. पूर्वी काम चोख होतं, मालकी बदलली आणि घसरण सुरू झाली. आता तिकिटाला उत्तर येतं ते असं: 'आमच्याकडे साइट उघडते आहे, कृपया ब्राउजरचा कॅशे क्लिअर करा.' सर्व्हर अजून सेंटओएस 7 या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमवर आहे. त्याचा सपोर्ट 30 जून 2024 लाच संपला. विचारलं की 'अपग्रेड लवकरच'. शेअर्ड आयपी (अनेकांत मिळून एकच असलेला सर्व्हरचा पत्ता) सारखा ब्लॅकलिस्टमध्ये जातो, त्यामुळे पतसंस्थेचे मेल सभासदांच्या जीमेलमध्ये स्पॅमला जाऊन पडतात.

सगळ्यात जास्त झोंबलं ते आंब्याचं प्रकरण. ऐन एप्रिलमध्ये बागायतदारांनी व्हॉट्सअपवर पेटीचा भाव टाकला, लोकांनी लिंक दाबली आणि साइटवर '508 रिसोर्स लिमिट इज रीच्ड'. कंपनीचं म्हणणं, तुमचं ट्रॅफिक जास्त आहे, वरचा प्लॅन घ्या. एंट्री प्रोसेसची, म्हणजे एकाच वेळी किती विनंत्या चालतील याची, मर्यादा किती, हे प्लॅनच्या पानावर कुठेही नव्हतं. तिथे फक्त 'अनलिमिटेड'.

तर हवंय काय: होस्टिंग सांभाळायला सीपॅनेल किंवा डायरेक्टअ‍ॅडमिन, सर्व्हर शक्यतो मुंबईत, स्वतःचे नेमसर्व्हर (डोमेन कुठल्या सर्व्हरवर आहे ते सांगणारे) लावता यावेत, जीएसटीचं बिल, आणि रात्री साडेदहाला तिकीट टाकलं तर समोर कळणारा माणूस. स्वस्तात स्वस्त नकोय. गिऱ्हाइकांकडून वर्षाचे पैसे घेतो, त्यातून थोडं सुटलं तरी चालेल. पुढचा आंबा सुरू व्हायच्या आत हलायचं आहे. अनुभव असतील तर सांगा. जाहिरात नको, व्यनि (व्यक्तिगत निरोप) चालेल.

---

टर्मिनल_काका

नाव सांगण्याआधी एक. 2019 मध्ये सीपॅनेलने सर्व्हरमागे एक दर ही पद्धत सोडली आणि अकाउंटच्या संख्येवर पैसे लावायला सुरुवात केली. नंतरही दर वाढतच गेलेत. त्यामुळे आज कोणी 'अनलिमिटेड सीपॅनेल अकाउंट्स' किरकोळ पैशात देत असेल, तर तो दुसरीकडे कुठेतरी कापतोय हे धरून चाला. एकतर एका सर्व्हरवर वारेमाप लोक भरलेत, नाहीतर सपोर्टला माणसं नाहीत. प्लॅनमध्ये '40 अकाउंट्स' असा आकडा लिहिणारा त्यातल्या त्यात प्रामाणिक.

विकत घेण्याआधी त्यांच्या सेल्सला नको, सपोर्टला हे विचारा: क्लाउडलिनक्स (प्रत्येक अकाउंटला मर्यादा घालणारी सिस्टीम) आहे का, केजएफएस चालू आहे का, आणि प्रत्येक अकाउंटला सीपीयू, रॅम, एंट्री प्रोसेस, आयओ (डिस्कचा वेग) आणि आयनोड (फाइलींची संख्या) किती. पाच आकडे. ज्याला ते माहीत आहेत तो एका ओळीत देतो. ज्याला माहीत नाहीत तो ब्रोशर पाठवतो. केजएफएस अशासाठी, की एका गिऱ्हाइकाचं वर्डप्रेस हॅक झालं तरी शेजारच्या अकाउंटमधल्या फाइली त्याला दिसू नयेत. चाळीस साइट्समध्ये एखादं जुनं प्लगइन असणारच.

---

धागाकर्ता

धन्यवाद काका. पाच आकड्यांची ओळ लगेच दोन ठिकाणी पाठवली. एकीकडून आकडे आले, एकीकडून खरंच ब्रोशर आलं.

---

पुणेरी_पिंग

रिसेलर कशाला घेताय? लिनोड आणि व्हल्टर या क्लाउड कंपन्या, दोघांचीही मुंबईत डेटासेंटर आहेत, एडब्ल्यूएसचा मुंबई रीजन तर 2016 पासून आहे. एक बरा व्हीपीएस (स्वतःपुरता आभासी सर्व्हर) घ्या, त्यावर डायरेक्टअ‍ॅडमिन टाका. स्वतःचा आयपी, स्वतःचे नियम. चाळीस साइट्स आरामात बसतील.

---

टर्मिनल_काका

@पुणेरी_पिंग, बसतील. पण पहाटे डिस्क भरून डेटाबेस चालवणारं माय-एसक्यूएल बसलं तर उठवणार कोण? धागाकर्ते डिझाइन करतात, सर्व्हर सांभाळणं हा वेगळा धंदा आहे. शिवाय क्लाउडच्या नव्या आयपीवरून मेल पाठवून बघा, महिनाभर तेच काम पुरेल. पोर्ट 25, म्हणजे मेल बाहेर जायची वाट, तर अनेकजण सुरुवातीला बंदच ठेवतात, विनंती करून उघडून घ्यावा लागतो.

---

पुणेरी_पिंग

मेलचं मान्य. बाकी बाबतीत मी माझ्या मतावर ठाम आहे.

---

मेलवाली_मावशी

मेल वेबहोस्टिंगपासून तोडा. हे मी प्रत्येकाला सांगते, ऐकत कोणी नाही. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहूने पाठवणाऱ्यांचे नियम कडक केलेत. एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेल खरंच त्या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या खुणा) सगळ्यांनाच, आणि दिवसाला 5000 च्या वर पाठवणाऱ्यांना दोन्ही, शिवाय डीमार्क (ती खूण जुळली नाही तर मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद). तुमची पतसंस्था तेवढे पाठवत नसणार, तरीही तिन्ही लावून टाका. एवढं करूनही शेअर्ड आयपीवर शेजारी कोण बसलाय ते तुमच्या हातात नाही. त्याने लॉटरीचे मेल सोडले की भोगायचं तुम्ही. पतसंस्था आणि दवाखाने झोहो मेल किंवा गूगल वर्कस्पेसवर न्या आणि पैसे त्यांच्याकडूनच घ्या. शाळेचा 'इन्फो' मेल राहू दे होस्टिंगवर.

सगळे मेल होस्टिंगवरच ठेवायचे असतील, तर बाहेर जाणारे मेल मेलचॅनल्ससारख्या रिलेमधून (मेल पुढे पोचवणाऱ्या मधल्या सेवेतून) जातात का आणि तासाला किती मेलची मर्यादा आहे, हे विचारा.

---

धागाकर्ता

मावशी, पटलं. पण पतसंस्थेचे मॅनेजर आउटलुकवर पीओपी3 (मेल सर्व्हरवरून पीसीत उतरवून घेण्याची पद्धत) लावून बसलेत आणि 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण काढलेली आहे. सगळे जुने मेल त्या एका पीसीत. हात लावायलाच भीती वाटते.

---

देवनागरी_दुरुस्ती

स्थलांतराबद्दल एक लिहितो, कारण मराठी साइटवाल्यांना हे हमखास नडतं.

जुन्या वर्डप्रेसचे काही डेटाबेस असे असतात की टेबलवर लॅटिन1 (युरोपीय अक्षरांचा संच) लिहिलेलं, आत मात्र युटीएफ-8 मराठी कोंबलेलं. जुन्या सर्व्हरवर दोन्हीकडे तोच गोंधळ असल्याने मराठी नीट दिसतं. नव्या सर्व्हरवर आयात केलं की शाळेच्या नावाच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी 'ए' आणि चलनाची चिन्हं. आणि मधल्या पायरीत कोणी चुकीच्या कॅरेक्टर सेटने बदल केला तर सरळ प्रश्नचिन्हं. पहिला प्रकार उलटा फिरवून दुरुस्त होतो. प्रश्नचिन्हं झाली की मूळ अक्षर गेलं, बॅकअपच शोधा.

म्हणून हलवण्याआधी प्रत्येक साइटचं एक मराठी पान निवडा, शक्यतो जोडाक्षरं आणि एखादा इमोजी असलेलं. नव्या सर्व्हरवर, डीएनएस (डोमेनचा आयपी सांगणारी नोंद) बदलायच्या आधी, आपल्या पीसीच्या होस्ट्स फाइलमध्ये नवा आयपी टाकून तेच पान उघडा. इमोजी अशासाठी की माय-एसक्यूएलचं जुनं 'युटीएफ8' तीन बाइटांवर थांबतं, इमोजीला चार लागतात. मराठी नीट आणि इमोजी गायब असेल तर टेबल युटीएफ8एमबी4 वर न्यायचं राहिलंय. प्रोव्हायडर 'मायग्रेशन फ्री' म्हणतो तेव्हा यातलं तो काहीही तपासत नाही. त्याला मराठी वाचताच येत नसेल तर तपासणार तरी कसं?

---

कोल्हापूरकर_77

व्यनि केलाय, दोन नावं दिलीत. इथे लिहीत नाही, उगाच जाहिरात म्हणतील.

एकदम तीन वर्षांचे पैसे भरू नका, सवलत कितीही असो. पहिले काही महिने महिन्याच्या हिशोबाने घ्या आणि एकच बिनमहत्त्वाची साइट ठेवा. रविवारी रात्री एक खरं पण किचकट तिकीट टाका, 'या अकाउंटचं पीएचपी 8.2 करायचं आहे आणि आयोनक्यूब लोडर हवा' अशा धर्तीचं. उत्तर किती वेळात आलं यापेक्षा त्यात प्रश्न समजलेला दिसतो का ते बघा.

आणि तो स्वतः कोणाचा रिसेलर आहे का, हे विचाराच. आपल्याकडे रिसेलरचा रिसेलर, त्याचा पुन्हा रिसेलर अशी उतरंड असते. मधल्याने वरच्याचं बिल भरलं नाही की खालच्या सगळ्यांच्या साइट्स एका दुपारी बंद.

अपटाइमच्या टक्क्यांनी भारावून जाऊ नका. 99.9 टक्के म्हणजे महिन्याला 43 मिनिटं बंद राहायची मुभा, आणि ती मोडली तर नुकसानभरपाई म्हणून पुढच्या बिलात किरकोळ क्रेडिट मिळतं. आंबेवाल्यांच्या त्या दिवशीच्या पेट्यांचं काय, ते कोणी देत नाही.

---

परदेशी_पांडू

बाहेरचा प्रोव्हायडर घेणार असाल तर लक्षात ठेवा, रिझर्व्ह बँकेचे ऑटो-डेबिटचे नियम 1 ऑक्टोबर 2021 पासून लागू झाले. तेव्हापासून परदेशी कंपन्यांचं आपोआप रिन्यूअल आपल्या कार्डांवर बऱ्याचदा फेल होतं. कंपनी 'पेमेंट फेल्ड'चा मेल पाठवते, तो मेल त्याच बंद पडणाऱ्या डोमेनवर येतो! बिलिंगसाठी वेगळा जीमेल द्या आणि तारीख कॅलेंडरमध्ये टाका.

अमेरिकेतल्या सर्व्हरला सांगलीहून जाऊन यायला 200 मिलिसेकंदांच्या वर लागतात. साध्या साइटला क्लाउडफ्लेअर (साइटची प्रत जवळच्या सर्व्हरवरून देणारी सेवा) लावून भागतं. पण वर्डप्रेसच्या अ‍ॅडमिनमध्ये काम करताना ते जाणवतं, आणि ते काम करणार तुम्हीच.

---

टर्मिनल_काका

बॅकअपचं कोणीच बोललं नाही. 10 मार्च 2021 ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटासेंटरला आग लागली. एक इमारत जळून गेली, आणि कितीतरी लोकांचे बॅकअपही त्याच आवारात होते. तेव्हा 'आमच्याकडे जेटबॅकअप आहे' एवढ्याने हुरळू नका. प्रत कुठल्या शहरात जाते, किती दिवस राहते, आणि तुम्ही तिकीट न टाकता स्वतः रिस्टोअर करू शकता का, ते विचारा. सीपॅनेलचा फुल बॅकअप घेता सगळ्यांनाच येतो, परत बसवायला मात्र रूट (सर्व्हरचा पूर्ण ताबा) लागतो, म्हणजे पुन्हा त्यांच्याच दारात. शिवाय प्रत्येक वर्डप्रेसवर अपड्राफ्टप्लस हे बॅकअपचं प्लगइन लावून एक प्रत गूगल ड्राइव्हला जाऊ द्या. प्रोव्हायडरशी भांडण झालं तरी ती तुमच्या हातात राहते.

नेमसर्व्हर कोणाचे आहेत सध्या?

---

धागाकर्ता

माझे स्वतःचे, ns1 आणि ns2 माझ्याच डोमेनवर. पण सात-आठ गिऱ्हाइकांची डोमेन त्यांच्या कुणा भाच्याने घेतलेली आहेत आणि तिथे थेट कंपनीचे नेमसर्व्हर टाकलेत. एक भाचा आता कॅनडात असतो.

---

टर्मिनल_काका

मग निम्मं काम झालंय. भाच्यांची डोमेनं सोडून बाकीच्यांसाठी रजिस्ट्रारकडे (जिथे डोमेन नोंदवलंय तिथे) ns1, ns2 चे आयपी बदलले की सगळी डोमेनं नव्या घरी. आधी दोन दिवस टीटीएल (डीएनएसची नोंद इतरांनी किती सेकंद धरून ठेवायची तो आकडा) 86400 वरून 300 वर आणा. भाचेमंडळींना आजच गाठा, ते सगळ्यात वेळखाऊ. कॅनडावाल्याला पासवर्ड नको मागू, डोमेन गिऱ्हाइकाच्या नावावर वळवून घ्या.

---

मेलवाली_मावशी

मॅनेजरांच्या पीसीबद्दल. साइट सीपॅनेलवरून सीपॅनेलवर हलवली तर मेलबॉक्सचे पासवर्डही तसेच येतात, त्यांच्या आउटलुकमध्ये सहसा काहीच बदलावं लागत नाही. सर्व्हरचं नाव मात्र 'मेल डॉट त्यांचं डोमेन' असं हवं. तिथे कंपनीच्या सर्व्हरचं नाव टाकलेलं असेल तर बदलावं लागेल. जुने मेल त्या पीसीत आहेत ते तिथेच राहतील, फक्त पीएसटी फाइलची (आउटलुकचे मेल तिच्यातच असतात) एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. झोहोवर न्यायचं असेल तर मात्र प्रत्येक फोन आणि पीसीवर नव्याने सेटिंग करावं लागेल. ते पतसंस्थेच्या मार्च एंडला करू नका, तुम्हाला दारात उभे करणार नाहीत.

---

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. कोल्हापूरकरांच्या दोन नावांपैकी एकाने पाच आकडे दिले, बॅकअप दुसऱ्या शहरात जातो असंही लिहून दिलं. तिथे महिन्याच्या हिशोबाने सुरुवात करतोय. पहिली साइट माझी स्वतःची, मग होमस्टे, मग आंबेवाले, म्हणजे मार्चच्या आत हंगामासाठी चाचणी होईल. पतसंस्था एप्रिलमध्ये, वर्षाचा ताळेबंद झाल्यावर, आणि मेल वेगळे करूनच.

देवनागरी_दुरुस्ती, एका शाळेचा डेटाबेस उघडून पाहिला, तुम्ही म्हणता तसाच लॅटिन1 आहे. उलटा फिरवायची नेमकी पद्धत सांगाल का? डंप (डेटाबेसची उतरवलेली फाइल) घेताना कॅरेक्टर सेट काय द्यायचा तिथे अडलोय.

---

देवनागरी_दुरुस्ती

डंप लॅटिन1 म्हणूनच घ्या, म्हणजे बाइट जसेच्या तसे बाहेर येतील. मग फाइल एडिटरमध्ये युटीएफ-8 म्हणून उघडा. मराठी वाचता आलं तर डाव जिंकलात. वरची 'सेट नेम्स' ओळ आणि प्रत्येक टेबलचा कॅरेक्टर सेट युटीएफ8एमबी4 करा आणि आयात करा. मूळ डंपची प्रत वेगळी ठेवा, तिला हात लावू नका. मोठी फाइल नोटपॅडमध्ये उघडू नका, नोटपॅड++ घ्या. अडलात तर त्या टेबलच्या 'शो क्रिएट टेबल'चं आउटपुट इथे टाका, बघतो.