मोबाइलवर भाव कळतो, पुढे काय? खान्देशातील अनुभव

निमंत्रण (जळगाव)

तंत्रज्ञान, व्यापार, राजकारण आणि करमणूक या विषयांवर आपण सगळेच मते मांडतो, परंतु ती बहुधा मुंबई-दिल्लीच्या बातम्या वाचून बनलेली असतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील मंडळींना येथे मुद्दाम बोलावले आहे, ते स्वतःच्या व्यवहारातून बनलेले मत त्यांनी सांगावे म्हणून. देशातील पहिल्या आधार क्रमांकांचे वाटप 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात झाले. त्यामुळे नवे ते आपल्याकडे नेहमी उशिरा येते, ही तक्रार मला पूर्णपणे मान्य नाही. मला विचारायचे आहे ते असे, की माहिती हातात आल्यावर निर्णयही आपल्या हातात आला का?

रावेर तालुका, केळी उत्पादक

आमच्याकडे केळीचा भाव म्हणजे बऱ्हाणपूरचा भाव. मध्य प्रदेशातील त्या बाजारात लिलाव झाला की तो आकडा लगेच व्हॉट्सअॅपवरून गावोगाव पोहोचतो; नवती, पिलबाग आणि कांदेबाग या केळीबागांच्या लागवडीनुसार पडणाऱ्या प्रकारांचे भाव वेगवेगळे येतात. माझ्या वडिलांच्या काळात व्यापाऱ्याचा माणूस सांगेल तोच भाव असे आणि खरा आकडा कळेपर्यंत गाडी भरून गेलेली असे. हा बदल मोठा आहे आणि त्याचे श्रेय मी मोबाइलला मोकळ्या मनाने देतो.

परंतु भाव कळला म्हणजे तो मिळाला असे केळीच्या बाबतीत होत नाही. घड तयार झाला की तो फार दिवस बागेत थांबवता येत नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे सरकू लागला की झाडे मोडू लागतात आणि त्यात एखादे वादळ आले तर उभी बाग आडवी होते. कटाईचे मजूर, पॅकिंग आणि गाडी ही सारी व्यवस्था व्यापाऱ्याच्या हातात असल्यामुळे, "या भावाने देत असाल तर उद्या कटाई लावतो, नाहीतर पुढच्या आठवड्यात बघू," असे तो म्हणाला की मोबाइलवरच्या आकड्याचा उपयोग तेथेच संपतो. ठिबक सिंचन आणि ऊतिसंवर्धित रोपे आली, उत्पादन वाढले, 2016 मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळाले. तरीही कापलेला माल काही दिवस थंड ठेवण्याची सोय शेतकऱ्यांच्या गटांकडे जोवर नाही, तोवर सौद्यात आमची बाजू पडतीच राहणार. शासनाने नव्या अॅपआधी या सोयीवर पैसा खर्च करावा, असे माझे ठाम मत आहे.

विम्याविषयीही सांगितले पाहिजे. हवामानावर आधारित फळपीक विम्यात भरपाई माझ्या बागेतील तापमानावरून ठरत नाही, ती महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदीवरून ठरते. ही पद्धत मला तत्त्वतः मान्य आहे, कारण तिच्यात पंचनाम्याची वाट पाहावी लागत नाही. मात्र त्या केंद्राची रोजची नोंद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली पाहिजे. ज्या आकड्यावर माझे वर्षभराचे उत्पन्न अवलंबून आहे, तो त्याच दिवशी पाहण्याचा हक्क मला असायला हवा.

धरणगाव तालुका, कापूस उत्पादक शेतकरी महिला

रावेरच्या दादांनी केळीविषयी जे लिहिले, त्यातील बरेचसे कापसालाही लागू आहे. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता आणि भारतीय कापूस महामंडळाला माल द्यायचा तर 'कपास किसान' अॅपवर नोंदणी करावी लागत होती. नोंदणीला सातबारा आणि त्यावरील पीकपेऱ्याची नोंद लागते. आमचा सातबारा सासऱ्यांच्या नावावर आहे, पेरणीपासून वेचणीपर्यंतचे काम मी पाहते आणि ओटीपी दिरांच्या मोबाइलवर येतो. म्हणजे ज्या बाईला बोंडअळी ओळखता येते, तिचे नाव त्या अॅपला ठाऊकच नाही. तरीही ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरून होणाऱ्या पिकाच्या नोंदणीत, शेतात उभे राहून पिकाचा फोटो मीच काढला, तो अधिकार तलाठ्याकडून शेतकऱ्याकडे आला हे मला आवडले.

केंद्रावर ओलावा मोजतात. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे बारा टक्क्यांपर्यंत कपात आणि त्याहून अधिक ओलावा निघाला तर गाडी परत. दिवाळीच्या सुमारास पाऊस झाला तर पहिल्या वेचणीचा कापूस या मापात बसवणे अवघड जाते आणि सालदाराचे, वेचणीचे पैसे तर त्याच आठवड्यात द्यायचे असतात. म्हणून शेजारीपाजारी गावात येऊन माल घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याला रोख पैशांवर, हमीभावापेक्षा कितीतरी कमी भावाने कापूस घालतात. त्यांना अज्ञानी म्हणू नये. त्यांना हमीभाव तोंडपाठ असतो.

ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने कापसावरील 11 टक्के आयात शुल्क उठवले आणि ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत ठेवली, ही बातमी मी शेतातच मोबाइलवर वाचली. आमचा कापूस तेव्हा झाडावर होता. कापड गिरण्यांना स्वस्त कच्चा माल हवा हे मी समजू शकते, पण आमच्या हंगामाच्या तोंडावर असा निर्णय घेणे अन्यायाचे होते, असे मी पक्षाचा विचार न करता म्हणते.

जळगाव, सराफ बाजारातील पेढीवर काम करणारा

आमच्या बाजारात बदल झाला तो विश्वासाच्या पद्धतीत. पूर्वी खेड्यातले गिऱ्हाईक आजोबांपासून ठरलेल्या पेढीवरच येत असे. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळख क्रमांक असल्याशिवाय तो विकता येत नाही आणि आता आजीच्या शेजारी बसलेली नात तो क्रमांक बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) अॅपमध्ये टाकून शुद्धता पडताळून पाहते. मला यात कोणताही अपमान वाटत नाही. पडताळता येत नाही ती दागिना घडवण्याची मजुरी. तिच्याविषयी गिऱ्हाइकाने अवश्य विचारावे.

अक्राणी तालुका, माजी ग्रामपंचायत सदस्य

सातपुड्यातील आमच्या पाड्यांवर रेंज सगळीकडे मिळत नाही, ती शोधत टेकडीवर जावे लागते. 2024 मध्ये महिलांना दरमहा 1,500 रुपये देणारी लाडकी बहीण योजना सुरू झाली. बायकांच्या स्वतःच्या खात्यात पैसे येऊ लागले, त्याचा घरात बोलण्यावर झालेला परिणाम मी पाहिला आहे; ज्यांनी कधी बँकेची पायरी चढली नव्हती त्या आता खात्यातील शिल्लक स्वतः विचारतात. म्हणून या योजनेला निव्वळ मतांची खरेदी म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

2025 मध्ये या योजनेसाठी ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणी, आली. तिच्यात बाईच्या आधारबरोबर पतीच्या किंवा वडिलांच्या आधारचीही पडताळणी होती आणि ओटीपी त्या-त्या आधारला जोडलेल्या मोबाइलवर जात होता. आमच्याकडचे अनेक पुरुष ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात आणि घरातला एकुलता मोबाइल त्यांच्याबरोबर जातो. बाई टेकडीवर, नवरा उसाच्या फडात, ओटीपीची मुदत काही मिनिटांची, आणि मधल्या काळात कोणा एकाकडची रेंज जाते. काही जणी त्यासाठी पुन्हा पुन्हा तालुक्याला गेल्या आणि मजुरी बुडवून परत आल्या. विधवा आणि नवऱ्याने टाकलेल्या बायकांनी कोणाचा क्रमांक द्यायचा, हा प्रश्न मला अनेकींनी विचारला. नियम करणाऱ्यांनी एक दिवस पाड्यावर बसून हे काम करून पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ज्या नंदुरबार जिल्ह्यातून आधारची सुरुवात झाली, तेथे ओळख पटवण्यासाठी बाईला डोंगर चढावा लागू नये.

अमळनेर, पुण्यात नोकरी करणारा संगणक अभियंता

विप्रोची सुरुवात 1945 मध्ये आमच्या गावात वनस्पती तुपाच्या कारखान्याने झाली, हे अमळनेरचे लोक अभिमानाने सांगतात, मीही सांगतो. टाळेबंदीच्या काळात मी घरूनच काम केले आणि त्यात कोठे अडचण आली नाही. मग आमच्या भागात अशी कामे कायमची का येऊ नयेत, यावर एकाही निवडणुकीत गंभीर चर्चा झालेली मी ऐकलेली नाही.

साक्री तालुका, शिक्षक

करमणुकीविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. यूट्यूबमुळे आमच्या अहिराणी बोलीतील गाण्यांना आणि विनोदी चित्रफितींना फार मोठा प्रेक्षक मिळाला. सुरतेत कामाला गेलेली आमची मुलेही ती पाहतात. पूर्वी "कथा जाई राह्यना?" (कुठे चालला आहेस?) असे वर्गात विचारणारा मुलगा ओशाळत असे, आता तो ओशाळत नाही. हे फार मोलाचे आहे. माझी खंत एवढीच की अहिराणीत हसवणारे आणि नाचवणारे भरपूर आहे, पण विम्याचा अर्ज, औषधाचे प्रमाण किंवा पिकाचा रोग समजावून सांगणारे फार थोडे. ते काम जाणकारांनी करावे. रावेरच्या दादांनी सुरुवात करावी, असे सुचवतो.

रावेर तालुका, केळी उत्पादक (उत्तर)

गुरुजी, आमची बोली अहिराणी नाही, लेवा गणबोली आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींची बोली. तीत मी अवश्य बोलेन. पहिल्या चित्रफितीत केळीवरचा करपा हा बुरशीचा रोग आणि सीएमव्ही हा विषाणूचा रोग यांतला फरक पानावर दाखवतो, कारण करप्याला फवारणी चालते आणि सीएमव्हीचे झाड मात्र उपटून बागेबाहेर नष्टच करावे लागते, आणि या दोहोंत गोंधळ झाला की शेजारच्या बागेचेही नुकसान होते. अहिराणीत तेच तुम्ही सांगा. रोगट पानांचे फोटो मी पाठवतो.