"मी सगळ्यांना सारखंच शिकवतो" म्हणणाऱ्या सरांना

रंकाळवेशीतला: काल इथं एका सरांनी लिहिलं, "दिव्यांग असो कोण असो, मी सगळ्यांना सारखंच शिकवतो, सवलती दिल्या की पोरं लाडावतात." सर, मला जन्मापासून दिसत नाही, बीए कोल्हापुरातच केलं. आमचे नोट्स म्हणजे वहीच्या पानांचे मोबाईलवर काढलेले फोटो, एका पानावर सरांचा अंगठापण आलाय असं मैत्रिणीनं सांगितलं. एनव्हीडीए, म्हंजे कॉम्प्युटरवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट मिळतंय पण फोटोतलं हाताचं अक्षर त्याला वाचता येत नाही. आणि अर्थशास्त्राच्या तासाला "ही रेषा अशी इथनं वर गेली". अशी म्हंजे कशी? कुठनं?

तासिकावाला: ते सर मीच. तासिका तत्त्वावर आहे, वर्गात 120 पोरं, मानधन कधी मिळंल ते देवाला ठाऊक. ट्रेनिंग कुणी दिलंय? आणि रायटरचं, म्हणजे परीक्षेत दिव्यांग पोरं सांगतील ते उत्तर लिहिणाऱ्याचं बोला की, सुपरव्हिजनला रायटर स्वतःच्या मनानं उत्तर लिहिताना बघितलाय मी. वर तीन तासाच्या पेपरला एक तास जादा!

रंकाळवेशीतला: तो तास बक्षीस नव्हं. 2018च्या केंद्राच्या नियमात तासाला किमान 20 मिनिटं जादा दिली होती. रायटर मलाच शोधावा लागला, तोपण तवाच्या नियमानं एक पायरी खाली शिकलेला. मला बारावीचं पोरगं मिळालं. "सीमान्त उपयोगिता" सांगितलं तर विचारतंय, सीमा कोण? स्पेलिंग सांगण्यातच अर्धा तास गेला.

झणझणीत: 😂 सीमा कोण! पण रायटर मिळाला तरी नशीब. माझ्या भावाला डिस्ग्राफिया, म्हणजे हातानं लिहायलाच जमत नाही, पण 40 टक्के दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट नाही म्हणून कॉलेजनं रायटर नाकारला. 2021 ला विकास कुमार केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की रायटरला ती अट नाही, पण क्लार्कला कोण सांगणार.

तासिकावाला: म्हणजे उद्या कुणीपण उठून रायटर मागणार.

झणझणीत: कुणीपण?? माझा भाऊ 'कुणीपण' होय? जरा तोंड सांभाळून.

शाहूपुरीची_आई: भांडू नका रे. माझ्या लेकीला ऐकू येत नाही, ती ओठ बघून समजते, तिला रायटर नको, जादा वेळ नको. सर फळ्याकडं तोंड करून बोलतात. पाठीला काय ओठ असतात? नुसतं वळून बोला, ह्याला कसलं ट्रेनिंग लागतंय.

तासिकावाला: बरं ताई, वळतो. चुकलं आमचं, सगळं जग तासिकावाल्यानंच सुधारायचं. रायटरच्या कॉपीचं बोललो ते मात्र मी मागं घेणार नाही.

रंकाळवेशीतला: नका घेऊ. नोट्स तेवढ्या टाईप करा.

तासिकावाला: पीडीएफ टाकलीय बघा आत्ता. समाधान?

रंकाळवेशीतला: सर, हापण फोटोच आहे.