त्या दिवशी तुमच्या घरी काय चाललं होतं?

८ मे २०२५ ची रात्र, भारत-पाकिस्तान लढाईचे ते चार दिवस. टीव्हीवर अँकर ओरडून ओरडून सांगत होता की कराची बंदर संपलं, मागे सायरन वाजतोय (हा सायरन स्टुडिओतला बरं का, दोन दिवसांनी सरकारनेच चॅनेलवाल्यांना सांगितलं की कार्यक्रमात सायरन वाजवू नका, खरा वाजला तर लोकांना कळायचा नाही) आणि आमच्या स्वयंपाकघरात आई कोपरापर्यंत पातेल्यात हात घालून बसलेली. कुरडयांचे गहू. तीन दिवस भिजवलेले, रोज पाणी बदललेलं, त्या दिवशी वाटून चीक काढलेला, आणि सकाळी वरचं पाणी काढून तो शिजवायचा, नाहीतर आंबून वाया. बाहेर ढग. मे महिन्यात पुण्यात ढग! हात तसेच पांढरे घेऊन ती बाहेर आली, टीव्हीसमोर उभी राहिली, मला वाटलं आता युद्धाचं काहीतरी विचारेल, तर म्हणाली, "हे लोक हवामान कधी सांगतात गं?"

मला आधी तिचा रागच आला. मग लक्षात आलं की मी स्वतः त्याआधी तासभर धरमशालाची आयपीएल मॅच अर्ध्यात का थांबवली एवढंच शोधत बसले होते. म्हणजे कोणी कोणाला बोलायचं.

तेव्हापासून डोक्यात आहे, म्हणून हा धागा. देशात काहीतरी भयंकर चालू होतं तेव्हा तुमच्या घरात काय चालू होतं? सरकार कोणाचं होतं, कोण बरोबर, कोण चूक ते कृपया नको, त्यासाठी बाकीचं जग पडलंय. घरातलं सांगा.

निफाड तालुका

ताई, बातमी वाईट कोणासाठी यावर आहे सगळं. आमच्याकडे उलटंय. टीव्हीवर 'कांद्याने रडवलं' लागलं की आमच्या घरी चहात साखर जास्त पडते.

२०२३ चा डिसेंबर. लाल कांदा निघालेला, आदल्या रात्री ट्रॉली भरून दारात उभी, पहाटे लिलावाला निघायचं. भाव बरा चालू होता, मुलीच्या सुपारीचं त्याच कांद्यावर ठरवलेलं. पहाटे पोरगा मोबाईल घेऊन गोठ्यात आला, म्हणे पप्पा निर्यातबंदी, ३१ मार्चपर्यंत. मी म्हटलं फॉरवर्ड असंल. फॉरवर्ड नव्हतं. लिलाव बंद, चांदवडला हायवेवर रास्ता रोको, आणि ट्रॉली दारातच. शहरातल्या लोकांना माहीत नसतं म्हणून सांगतो, लाल कांदा उन्हाळ कांद्यासारखा चाळीत ठेवता येत नाही, त्याला पाणी सुटतं. बायको रोज खालून हात घालून बघायची, ओला लागला की काढून बाजूला. घरभर तो वास. पुढे विकला तेव्हा निम्म्याच्या आसपास भाव मिळाला, ट्रॅक्टरचं डिझेल वेगळंच.

त्याच आठवड्यात मेव्हणीचा मुंबईवरून फोन. "बरं झालं बाई कांदा उतरला, नुसते पाव किलोवर दिवस काढत होतो." बायको म्हणाली, "हो ना." आणि फोन ठेवला. भांडण नाही काही. ती तरी काय चुकीचं बोलली.

बोरिवली

११ जुलै २००६, मंगळवार. मी अकरावीत. संध्याकाळी ६.२४ ते ६.३५, अकरा मिनिटांत सात स्फोट, सगळे वेस्टर्नच्या गाड्यांत, सगळे फर्स्ट क्लासमध्ये. बाबा रोज चर्चगेटहून येणार, फर्स्ट क्लासचा पास. त्यांचा मोबाईल लागेना, कोणाचाच लागत नव्हता म्हणा. लँडलाईनवर नातेवाईकांचे फोन, आणि आई प्रत्येकाला "ठेवा, ठेवा, लाईन मोकळी ठेवा" म्हणत होती. दुपारची पोळ्यांची कणीक परातीत तशीच, वर सुरकुती धरलेली. मला अजून ती परात दिसते, टीव्हीवर काय दाखवत होते ते मात्र एक आठवत नाही.

बाबा रात्री एकला आले. दादरला भाजी घ्यायला उतरले होते म्हणून गाडी चुकली, मग अर्धं चालत, अर्धं कोणाच्या तरी ट्रकमधून. पँट गुडघ्यापर्यंत चिखल आणि हातात पिशवी. आईने पिशवी घेतली, उघडली, म्हणाली, "गवार जून आहे." आणि मग खाली बसून रडायला लागली.

ती गवार आम्ही दुसऱ्या दिवशी खाल्ली. जूनच होती.

औसा तालुका, आता ठाण्यात

सगळे "टीव्हीवर पाहिलं" लिहितायत, म्हणून जरा वेगळं लिहितो. आमच्याकडं टीव्ही नव्हता आणि त्याची गरजही पडली नाही, बातमीच घरात शिरली.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६. किल्लारीचा भूकंप. मी नऊ वर्षांचा. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक उशिरा झोपलेले. आमच्या भागात माळवदाची घरं, दगडाच्या दोन-दोन हात जाड भिंती, दगडाला दगड मातीनं बसवलेला, वर मातीचा थर. उन्हाळ्यात इतकं गार वाटायचं त्या घरात. तेच वरून आलं. मी आणि चुलता मिरवणूक बघून देवळाच्या कट्ट्यावरच झोपलो होतो म्हणून राहिलो. घरातलं सगळं इथं लिहीत नाही. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली म्हणतात, आमच्या घरची तीन.

मला सांगायचंय ते दुपारचं. सगळीकडं धूळ, आरडाओरडा, लोक हातानं दगड उपसतायत, आणि आमची म्हैस हंबरायला लागली. धारेची वेळ टळून गेली होती ना, सड तटतटलेले. आजी उठली. पहाटेपासून एक शब्द बोलली नव्हती ती. उठली आणि भांडं शोधायला लागली. घर आडवं झालेलं, भांडं कुठलं? शेवटी नुसती खाली बसली आणि जमिनीवर धार सोडली. सगळी. माती पांढरी झाली, मग काळी.

नंतर मंत्री आले, हेलिकॉप्टर आलं, फोटोवाले आले, ट्रक भरभरून कपडे आले, त्यात स्वेटर कितीतरी. ऑक्टोबरमध्ये आजी नऊवारीवर कुणाचा तरी गुलाबी स्वेटर घालून बसायची, कारण कुणीतरी दिलंय तर घालावं. पत्र्याच्या शेडमध्ये शिफ्ट झाल्यावर सुद्धा ती कैक वर्षं आत झोपली नाही. मीही आज सातव्या मजल्यावर राहतो, पण बिछाना दाराजवळ लागतो, बायको हसते.

(आधीच्या पोस्टला)

वाचून गप्प बसले. काही लिहायचं होतं ते राहू दे.

यवतमाळ जिल्हा

वऱ्हाडीत लिहितो, चालते ना? ८ नोव्हेंबर २०१६ ले रात्री आठ वाजता नोटबंदी झाली तवा आमच्या घरी लाईनच (वीज) नव्हती. आमाले समजलं सकाळी, वेचणीच्या बायांकडून. कापूस फुटून पांढराफट वावर, आन बाया धुऱ्यावर उभ्या, आत पाय ठेवत नाई. म्या म्हटलं काऊन वं? त एक म्हने, "भाऊ, आठवड्याचे पैशे पाचशेच्या नोटीनं देसान त आमी वेचत नाई."

माह्याजवळ दुसरे होतेच कुठं. व्यापारी जुनीच नोट दे, म्हने घ्यायची असन त घ्या नाई त चेक घ्या. गावात बँक एक, जिल्हा बँकेची शाखा, अन् १४ तारखेपासून जिल्हा बँकांलेच जुन्या नोटा घ्याची बंदी झाली. मंग तालुक्याले जा, दिवसभर लाईनीत उभे रहा, चार-साडेचार हजारांच्या वर बदलून भेटत नाई. इकडं कापूस वावरात. टीव्हीवर दिल्ली-मुंबईच्या एटीएमच्या लाईनी दाखवत. आमच्या गावात एटीएमच नोयतं त लाईन कायची दाखवतीन?

शेवटी मायनं तोड काढली. बायांले पैशे नाई, ज्वारी. किलोमागं हिशोब करून पायलीनं मोजून दिली, जसं तिच्या सासूच्या वक्ती देत तसं. बाया खूश होत्या, मी नोयतो, कारण थे आमची खायची ज्वारी होती.

औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर)

हे लिहायला लाज वाटते पण धागा त्यासाठीच आहे. २०२० चा लॉकडाऊन आमच्या घरातला सर्वात सुखाचा काळ होता. नवरा वर्षानुवर्षं रात्री नऊला घरी येणारा माणूस, तो भांडी घासत होता. मुलांना आजोबा पहिल्यांदा भेटले असं म्हटलं तरी चालेल, पत्ते काय, गच्चीत पतंग काय. मी यूट्यूब बघून ब्रेड करायला शिकले.

८ मे ला सकाळी यीस्ट घालून पीठ झाकून ठेवलं आणि मोबाईल बघितला. करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याहून पायी निघालेले, मध्य प्रदेशात घरी जायला. करमाड आमच्यापासून गाडीने पाऊण तासही नाही. रुळावर विखुरलेल्या भाकऱ्यांचा तो फोटो सगळ्यांनीच बघितलाय. मी झूम करून बघत होते, का ते माहीत नाही. एवढंच मनात आलं की भाकऱ्या चांगल्या थापलेल्या आहेत, कडा एकसारख्या, कोणीतरी निवांत बसून केलेल्या.

पीठ तोवर दुप्पट फुगलं होतं. मुलं विचारत होती कधी भाजणार. भाजला. खाल्ला पण. चांगला झाला होता. त्यानंतर मी ब्रेड केला नाही, त्यामागे काही मोठा विचार वगैरे नाही, हात जात नाही एवढंच.

कोल्हापूर

माझा अनुभव छोटा आहे. जन्मच ३१ ऑक्टोबर १९८४ चा. सकाळी दिल्लीत इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या आणि दुपारी इकडे मी. आकाशवाणीने अधिकृत सांगेपर्यंत संध्याकाळ झाली पण बीबीसी ऐकणारे आधीच कुजबुजत होते. वडील पेढे आणायला बाहेर पडले तर दुकानांची शटरं खाली. रिकाम्या हाताने परत आले, आणि आजीने ते आयुष्यभर ऐकवलं. पेढे शेवटी बारशालाच वाटले. लहानपणी माझ्या वाढदिवसाला टीव्ही लावला की पांढऱ्या साड्या आणि भजनं, मला बरीच वर्षं वाटायचं की हे सगळ्यांच्याच वाढदिवसाला असतं.

पुणे, कोथरूड

एक सांगू का, मी दोन वर्षांपासून बातम्या पूर्ण बंद केल्यात. पेपर नाही, चॅनेल नाही, ग्रुप म्यूट. झोप सुधारली, बीपीची गोळी अर्धी झाली. जग आहे तसंच चालतं, आपण बघितलं काय नाही बघितलं काय. सर्वांनी करून बघा.

निफाड तालुका

सर, तुमचं चांगलंय. मी पण बंद करून बघतो, पण मग ट्रॉली कधी भरायची ते कोण सांगणार?

सातारा जिल्हा

आमच्या गावात घरटी एक तरी फौजेत. माझे मिस्टर पण. मे २०२५ मध्ये ते कुठे होते ते लिहीत नाही, वर होते एवढंच.

आमच्याकडे त्या चार दिवसांत टीव्ही कोणी लावलाच नाही. पहिल्या दिवशी सासऱ्यांनी (ते पण रिटायर्ड फौजी) रिमोटचे सेल काढून खिशात टाकले. म्हणाले, "ह्यांना काय माहिती असतं तर ओरडले नसते." पलीकडच्या घरातून मात्र आवाज यायचा, सायरन, धडाम धुडूम, आणि सासूबाई खिडकी लावून घ्यायच्या. उकाडा असून. बाकी दिवस नेहमीसारखाच गेला. नेहमीपेक्षा जास्तच कामं काढली, माळा झाडला, डाळी उन्हात घातल्या, गोधड्या धुतल्या. घरातली एकही गोधडी राहिली नाही त्या आठवड्यात. तिघांच्या ताटात भात तसाच राहायचा आणि तिघंही एकमेकांना "जेवा" म्हणायचो. मोबाईल देवघरात चार्जिंगला, कारण रेंज तिथेच येते.

१० तारखेला संध्याकाळी शस्त्रसंधी झाली असं शेजारचा मुलगा ओरडत आला. सासरे म्हणाले, बघू. रात्री परत काय काय कानावर आलं, म्हणजे बघू हेच बरोबर होतं. फोन आला ११ ला दुपारी. दीड मिनिट. सासूबाईंनी आधी घेतला आणि विचारलं, "जेवलास का?" तिकडून काहीतरी सांगितलं, तर ह्या एकदम चिडल्या, "कच्च्या चपात्या खाऊ नको म्हणून किती वेळा सांगितलं, पोट बिघडतं तुझं!" माझ्या हातात फोन आला तेव्हा वीस सेकंद राहिले असतील. मी म्हटलं गोधड्या धुतल्या सगळ्या. ते म्हणाले, "मे महिन्यात? पाऊस येईल."

आला पण.

धागाकर्ती

तिघीचौघींनी विचारलंय म्हणून, कुरडयांचं झालं असं की ९ तारखेला सकाळी चीक शिजवला, सोऱ्याने घालून झाल्या, आणि दुपारी तीनला टपोरे थेंब. ताट, परात, चादर जे हाताला लागेल त्यावर उचलून आत आणल्या. दोन रात्री हॉलमध्ये पंख्याखाली वाळल्या, त्यामुळे टीव्हीसमोर बसायला जागा नव्हती. निम्म्या तुटल्या. चुरा चांगला लागतो, कांदा-मिरची घालून भाजी होते त्याची. साताऱ्याच्या ताई, पत्ता कळवा, धड असलेल्या पाठवते.