मदत हवी आहे: ऑनलाइन मार्केटिंगचं काम एकटीने चालवू की भागीदार घेऊ?

नमस्कार मंडळी,

थोडं लांबलचक लिहितेय, पण पुढच्या आठवड्यात एका मैत्रिणीला हो की नाही ते सांगायचंय आणि विचार करकरून डोकं शिणलंय.

४ वर्षांपूर्वी नोकरी सोडून मी ऑनलाइन मार्केटिंगची कामं घ्यायला लागले. मुख्यतः गूगल अ‍ॅड्स आणि एसईओ, म्हणजे क्लायंटची साइट गूगलच्या शोधात वर आणणं. सध्या ७ क्लायंट आहेत. जाहिराती, रिपोर्ट, बिलं, पैसे थकवणाऱ्यांचा पाठपुरावा, सगळं मीच बघते. कामाची मनापासून आवड आहे. एखाद्या खात्यातल्या सर्च टर्म्स (लोकांनी गूगलवर काय टाइप केलं ते) उघडून कुठल्या शब्दांवर पैसे वाया जातायत ते शोधायला बसले की दोन तास कसे जातात कळत नाही. नवीन क्लायंटसाठी फोन करायचा म्हटलं की मात्र आजचं उद्यावर जातं.

गेल्या महिन्यात मी ९ दिवस तापाने अंथरुणात होते. त्याच काळात एका क्लायंटच्या पानावरचा फॉर्म बिघडला. पान उघडायचं, नाव-नंबर भरता यायचं, पण 'पाठवा' दाबलं की नुसतं चाक फिरत राहायचं. पान उघडत असल्यामुळे गूगलने जाहिरात थांबवली नाही. क्लिक येत राहिले, पैसे कापले जात राहिले आणि कन्व्हर्जनच्या, म्हणजे फॉर्म पाठवणाऱ्यांच्या, रकान्यात सलग ६ दिवस शून्य. मी बरी असते तर दुसऱ्याच दिवशी सकाळी लक्षात आलं असतं. क्लायंट चिडले नाहीत. एवढंच विचारलं, "तुम्ही नसता तेव्हा बघतं कोण?" मला काही बोलताच आलं नाही. त्या ६ दिवसांचा खर्च मी माझ्या बिलातून वजा केला, पण तो प्रश्न अजून पिच्छा सोडत नाही.

हे मैत्रिणीला सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "अगं, मग दोघी मिळून करू की! अर्धं-अर्धं." आम्ही पूर्वी एकाच ऑफिसात होतो. ती विक्रीत तयार आहे, अनोळखी माणसाशीसुद्धा सहज बोलते. मला तिच्याबद्दल आदर आहे आणि मैत्री गमवायची नाहीये.

अडतंय ते दोन ठिकाणी. एक म्हणजे, आत्ताच्या ७ क्लायंटचं उत्पन्न पहिल्या दिवसापासून निम्मं करायचं का? ते मी चार वर्षांत जमवलेत. दुसरं जास्त खुपतंय. परवा एकांशी बोलताना ती सहज म्हणून गेली, "तीन महिन्यांत तुम्हाला गूगलवर पहिल्या नंबरला आणू." असा शब्द कुणीच देऊ शकत नाही, हे गूगल स्वतःच सांगतं. तिने दिलेला शब्द पाळायचा मात्र मला. हे आत्ताच स्पष्ट बोलावं, की एकत्र काम करता करता जमेल?

ज्यांनी दोन्ही करून पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

प्रतिसाद १
आत्ताच बोला. मी तीन वर्षं भागीदारीत होतो. भांडण न होता वेगळे झालो, तरी निस्तरायला पाच महिने लागले, कारण डोमेन त्याच्या खासगी ईमेलवर होतं आणि जाहिरातींचं खातं माझ्या. कुठलं खातं कुणाच्या नावावर आणि वेगळं व्हायचं झालं तर कोण काय घेऊन जाणार, हे सुरुवातीलाच कागदावर आणा. साध्या भागीदारीत एकाने केलेली देणी दुसऱ्याच्या अंगावर येऊ शकतात, हेही ध्यानात ठेवा. अ‍ॅपलचे तिसरे भागीदार रोनाल्ड वेन १९७६ मध्ये १२ दिवसांतच बाहेर पडले आणि आपला १० टक्के हिस्सा ८०० डॉलरला सोडला. लोक ती गोष्ट हुकलेल्या संपत्तीची म्हणून सांगतात. पण कर्ज फिटलं नाही तर वसुली आपल्या घरादारावर येईल, ही त्यांची भीती अजिबात खोटी नव्हती.

प्रतिसाद २
ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. क्लायंटने विचारलं, तुम्ही नसता तेव्हा बघतं कोण. मैत्रीण विक्री करते. तिला गूगल अ‍ॅड्सचं खातं उघडून कन्व्हर्जन का थांबले ते शोधता येतं का? नसेल तर भागीदारी करूनही तुम्ही आजारी पडलात की तेच होणार, आणि तेव्हा क्लायंट ७ नाही, १२ असतील.

तुम्हाला हवा आहे तो हेच काम करणारा दुसरा फ्रीलान्सर. तुम्ही नसाल तेव्हा त्याने तुमची खाती बघायची, तो नसेल तेव्हा तुम्ही त्याची. हिस्सा द्यायची गरज नाही, दिवसाचे पैसे ठरवा. शिवाय गूगल अ‍ॅड्समध्ये ऑटोमेटेड रूल लावता येतो: क्लिक अमुक एवढे होऊनही कन्व्हर्जन शून्य असतील तर कॅम्पेन थांबव आणि ईमेल पाठव. आजच लावा. मैत्रिणीला आधी क्लायंटमागे कमिशन द्या आणि कुठलं वचन द्यायचं नाही ते लिहून द्या. सहा महिने असं काम करून बघा, हिश्शाचं मग बोला.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. दुसरा प्रतिसाद वाचून बराच वेळ नुसती बसून होते. तिला खातं बघता येत नाही हे मला माहीत होतं, पण त्या प्रश्नाशी ते जोडून पाहिलंच नव्हतं. रूल आत्ताच सातही खात्यांत लावला. एका जुन्या सहकाऱ्याला आळीपाळीने खाती बघण्याबद्दल विचारलंय, तो तयार आहे.

मैत्रिणीशी रविवारी बोलणार आहे. त्याआधी एवढंच सांगा: कमिशन फक्त पहिल्या बिलावर द्यावं, की क्लायंट टिकेल तोवर दर महिन्याला? दर महिन्याला दिलं तर ती जपून शब्द देईल असं मला वाटतं. कुणी असं करून पाहिलंय का?